फुलचूरच्या खोलीतली खाडी

भोजराजभाऊंचं नाव आधी लिहून ठेवते. पुढे लिहिताना हात अडला तर तेच राहून जायचं. फुलचूरला मोठ्या रस्त्यापासून जरा आत त्यांचं घर आहे, मागे धानाचे बांधे, भाताची खाचरं. त्यांची मोठी बहीण गेली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तेरवीला आठ दिवस होते, झोपायला जागा पुरत नव्हती, आणि माडीवरची एक खोली मात्र भाऊंनी कुलूप लावून ठेवली. नागपूरचे जावई म्हणाले, एवढ्या बाटल्या काय करता, फेका अन् तिथे गाद्या टाका. भाऊ पान लावत होते. वर न बघताच म्हणाले, "गाद्या ओसरीत टाका. ते खोली रंजनाताईची हाये." रंजना म्हणजे मी. त्या घराची मी कुणी लागत नाही. माझ्यासाठी कुणी असं बोलेल हे मला त्या घडीपर्यंत ठाऊक नव्हतं.

ही बहीण म्हणजे आमच्या सुशीलाबाई. बाई गेल्या त्या दिवशी मी नेमकी फुलचूरला गेले नव्हते. एरवी रोज अकराला जायची. मुलाच्या अंगात ताप होता म्हणून रेल्वेच्या क्वार्टरमध्येच राहिले. दुपारी भाऊंचा फोन आला. रोवणी म्हणजे भाताची लावणी चालू होती, मागून बायांचे आवाज येत होते, कुणीतरी रोपांच्या पेंढ्या मागत होतं. भाऊ म्हणाले, "दीदी गेली." मग बराच वेळ नुसता त्या बायांचाच आवाज... मग म्हणाले, "या तुमी." मी पोचले तेव्हा बाई माडीवरच्या खुर्चीतच होत्या. जेवून वर आल्या, टेकल्या आणि राहिल्या. समोर सूक्ष्मदर्शकावर कापड घातलेलं होतं, म्हणजे काम सुरू केलं नव्हतं. माझी वाट पाहत होत्या की काय, हे मी तेव्हापासून किती वेळा मनात आणलं असेल.

आंघोळ घालताना बायका त्यांची बोटं घासत होत्या. उजव्या हाताची तीन बोटं तपकिरी झालेली, कच्ची केळी सोलल्यावर होतात तशी. घासून निघत नव्हती. मी म्हटलं, राहू द्या, तो आयोडीनचा डाग आहे, तो जात नाही. एक म्हातारी म्हणाली, "राहू द्या वं, समुंदरवालीचा डाग हाये तो." गावात त्यांना हेच नाव होतं.

सुशीलाबाई गोंदियाच्याच, पोवारांच्या घरच्या, धान आणि लाखोरीची डाळ पिकवणाऱ्या. पण नोकरी सगळी समुद्रकाठी झाली. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव तरंगत असतात, त्यांना प्लवक म्हणतात. मासळीची पिल्लं त्यांच्यावर जगतात, आणि पाणी बिघडलं तर सगळ्यात आधी त्यांना कळतं. पाण्यात घाण आली की त्यांच्या जाती कमी कमी होत जातात आणि एखादीच जात माजते. कुठल्या महिन्यात कुठल्या जाती किती, हे मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे बाईंचं काम. कोकणातली आमची खाडी त्यांनी नोकरीभर मोजली. वरच्या अंगाला कारखान्यांची वसाहत आहे, तिचं पाणी खाडीत येतं. बाई माझ्या बाबांच्या होडीतून जायच्या. मी तेव्हा कोळंबी सोलायच्या शेडमध्ये. आठवी झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. होडीतून उतरणाऱ्या बाई मला लांबून दिसायच्या, साडी गुडघ्याला खोचलेली, हातात बाटल्यांचा डबा. त्या निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या तरी मोजणं थांबलं नाही. खाडीवरची माणसं दर अमावस्येच्या भरतीला ठरल्या जागेवरून पाणी काढायची, त्यात आयोडीनचं द्रावण घालून ते कोऱ्या चहासारखं करायची आणि बाटली पार्सलने गोंदियाला पाठवायची. भाऊ मोटरसायकलवरून ती घेऊन यायचे.

माझ्या नवऱ्याची रेल्वेतली नेमणूक गोंदियाला झाली तेव्हा मी आठ दिवस रडले. बाबा म्हणाले, "बाय, घाबरू नको. तिथे आपल्या बाई आहेत." पहिल्यांदा फुलचूरला गेले तर बाई माडीवरून ओरडल्या, "नाखव्याची पोरगी काय वं तू? वर ये. चप्पल खाली ठेव." होडीच्या मालकाला आमच्याकडे नाखवा म्हणतात. हजार किलोमीटरवर कुणाच्या तरी तोंडून तो शब्द ऐकला आणि मी जिन्यातच थांबून डोळे पुसले. बाईंनी ते पाहिलं. "कायले रडून राहिली? येथी बी पानीच हाये. बोदलकसा तलाव हाये, इटियाडोह धरन हाये, बांध्याबांध्यात पानी." मी म्हटलं, पण बाई, त्याला वास नाही. त्या उठल्या. मग एका बाटलीवर गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा कागद माझ्या हातात दिला. त्याला सुक्या जवळ्याचा वास येत होता. बाटलीबरोबर खाडीवरची माणसं बाईंसाठी जवळा पाठवायची.

त्यानंतर मी रोज जायला लागले. बाटल्या धुवायच्या, काचा पुसायच्या, खोली झाडायची. मला दुसरं काय येत होतं? त्या खोलीत मी जरा घरी असल्यासारखी असायची, एवढंच. बाजारात गेले की भाजीवाला हिंदी बोलायचा, शेजारीण झाडीबोली बोलायची, माझ्या तोंडून कोकणी हेल निघाला की पोरं हसायची. बाई म्हणायच्या, "मले तिकडे विदर्भवाली म्हणत. येथी समुंदरवाली म्हणते. आपल्या गावचं कोनी म्हणतच नाई." हे त्या हसत सांगायच्या, पण सांगून झाल्यावर लगेच सूक्ष्मदर्शकावर वाकायच्या.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हा सगळा कागद घेतला आहे.

एका उन्हाळ्यात बाई दोन दिवस तिरोड्याला लग्नाला गेल्या होत्या. भाऊही बरोबर. किल्ली माझ्याकडे होती. आलेलं पाणी एका जागी न हलवता ठेवतात, म्हणजे त्यातले जीव तळाशी बसतात. मग वरचं पाणी नळीने हळूच काढून टाकतात आणि तळाचं तेवढं मोजायला घेतात. हे मला माहीत नव्हतं. बाईंनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. अंधाऱ्या कपाटात मला एक बाटली दिसली, तळाशी गंजासारखा गाळ बसलेला. मला वाटलं, वापरून झालेली आहे, घाण आहे. मी ती ब्रश घालून घासली, दोनदा विसळली, लख्ख केली आणि मग चिकटवलेली चिठ्ठी वाचली. त्या महिन्याचीच बाटली होती ती. ती चिठ्ठी माझ्या बाबांच्या हातची होती.

 वाटलं, आता ही खोली मला बंद झाली. मग मी जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. ड्रममधलं पाणी बाटलीत भरलं. नुसतं पाणी कळेल म्हणून त्यात मीठ टाकलं. थोडं टाकून चव घेतली, आणखी टाकलं, पुन्हा चव घेतली, लहानपणी खाडीत बुडी मारल्यावर तोंडात जायचं तसं लागेपर्यंत. मग आयोडीनचे थेंब टाकले, रंग जमवला, आणि बाटली कपाटात होती तिथेच ठेवली. एका कोळ्याच्या पोरीला समुद्र म्हणजे मीठ वाटलं. मीठ सोडून त्यात जे असतं ते मी मोरीत ओतलं होतं.

बाई आल्या. तीन दिवसांनी मोजायला बसल्या. आखलेल्या चौकटींची एक छोटी काच असते, हजार चौकटींची. तिच्यात थेंब घालून एकेक ओळ बघायची. एरवी त्या बघता बघता काही ना काही बोलायच्या. त्या दिवशी बोलल्या नाहीत. पुन्हा काच धुतली, पुन्हा भरली. दुपारभर तेच. शेवटी डोळे वर करून म्हणाल्या, "रंजना, खाडीत काईच नाई वं." मी पाठ करून काचा पुसत होते. "एक बी नाई. इतक्या वर्सात असं मी पायलं नाई. सोडलं कारखान्याच्या पोट्ट्यांनी काईतरी." मग त्यांनी माझ्या बाबांना फोन लावला.

संध्याकाळी बाबांचा मला फोन. इतके खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. कारखान्यांच्या पाण्याविरुद्ध खाडीवरच्या माणसांचा अर्ज कधीचा तयार होता, आणि कुणी म्हणायचं पुरावा द्या, कुणी म्हणायचं मासळी तर कमीजास्त होतेच. बाबा म्हणाले, "बाय, सुटलो आता. बाईंच्या कागदावर कुणाला बोलता येणार नाही. सोमवारी अर्ज देतो." मी म्हटलं, बरं झालं बाबा.

तो अर्ज खोटा होता असं नाही. पाणी खरंच बिघडत चाललं होतं, बाईंच्या वहीत जाती दर वर्षी कमी होत होत्या. माझी बाटली फक्त त्याच्यावर चढली होती. मी दोन दिवस मनाशी हेच घोळवत राहिले, की माझ्या चुकीने माझ्याच माणसांचं भलं होतंय, मग कशाला बोलायचं. पण बाई त्या दोन दिवसांत नीट जेवल्या नाहीत. भाऊ सांगत होते, "दीदी घासच नाई घेऊन राहिली. कोनी मेल्यासारखं बसली हाये." शनिवारी मी वर गेले. त्या टिपण लिहीत होत्या, पेन्सिलीने. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. रागावतील, हाकलतील असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मीठ बी टाकलंस?"

"हो."

"चव घेऊन पायली काय?"

"हो बाई."

"खाडीवानी लागली?"

"थोडी कमी लागली."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. हसत होत्या की रडत, मला कळलं नाही. मग एकदम आवाज चढला. "काऊन नाई सांगतलं तवाच? मी दोन दिस त्या पान्याचं सुतक पाळून राहिली. वही माहीत हाये न तुले किती वर्साची हाये? एक ओळ खोटी घुसली त बाकीच्या कोन मानन? ते कारखानेवाले वकील आनतीन, हे एकच पान काढतीन अन् आखी वही चुलीत जाईन." मी म्हटलं, बाबांना मी सांगते. त्यावर त्या म्हणाल्या, "तू बस."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "नाखवा, अर्ज थांबवा. बाटली माह्या हातून धुतल्या गेली. म्हातारी झाली मी, ध्यान नाई रायलं. तुमाले सांगतलं ते समदं चूक." पलीकडून बाबांचा आवाज मोठा झाला. बाईंनी तो ऐकून घेतला. मध्ये फक्त "हो," "बरोबर हाये," "माहीच चूक," असं म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर मी विचारलं, असं कशाला केलंत बाई? त्या काच धुवायला उठल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुले बापाच्या घरी जायचं हाये अजून. मले आता तिकडे कोन बोलावते?"

त्या महिन्याच्या ओळीत त्यांनी लिहिलं, "नमुना वाया गेला, मोजणी नाही." बाकी ओळ कोरी.

त्यानंतर खाडीवरून बाटल्या येत राहिल्या, पण जवळा बंद झाला. एकदा माहेरी गेले तेव्हा धक्क्यावर बसलेला एक माणूस म्हणाला, "त्या बाईला कारखानेवाल्यांनी गाठली असणार, नाहीतर ऐन वेळी बाटली कशी धुतली जाते?" बाबा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मासळीची पाटी उचलली आणि घरी आले. पुढे वर्षभराच्या मोजण्यांवर नवा अर्ज गेला, साहेब लोक येऊन पाणी घेऊन गेले, ते प्रकरण अजून चाललं आहे. वही त्यांना मान्य आहे. पण बाईंचं नाव धक्क्यावर जसं घ्यायचे तसं पुन्हा कुणी घेतलं नाही. पार्सल उघडलं की बाई कागद नाकाशी न्यायच्या. वास नसायचा. मग घडी घालून ठेवून द्यायच्या. मी समोर असायची... दर महिन्याला.

मला त्यांनी काढलं नाही. उलट सोमवारीच म्हणाल्या, "धुनं बंद. आता मोजाले बस. गाळात काय असते ते पायलं म्हंजे फेकनार नाईस." पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला तेव्हा मला काहीच दिसेना, नुसती माझीच पापणी. मग हळूहळू दिसायला लागलं. एक जात अगदी होडीसारखी, दोन्हीकडे निमुळती. एक मण्यांच्या माळेसारखी. एकीला नांगरासारखी तीन शिंगं. एक गोल, नक्षीच्या थाळीसारखी. त्यांची परदेशी नावं माझ्या तोंडात बसेनात, तर बाई म्हणाल्या, "तू होडी म्हन, माळ म्हन, थाळी म्हन. नाव मागून लिव. मोजनं चुकू नोको." चुकलं तर खोडायचं नाही, एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं, म्हणजे चूक काय होती ते वाचता येतं. दोन वर्षांनी त्या माझं मोजलेलं पुन्हा तपासेनाशा झाल्या. मीच म्हणायची, बघा ना एकदा. "कायले? तुले माह्याहून चांगलं दिसते आता."

तर त्या गेल्या तेव्हा कपाटात शेवटची बाटली गाळ बसायला ठेवलेली होती. आयोडीनचा रंग उडाला की जीव खराब होतात, ती तशी ठेवता आली नसती. ती लगेच मोजायला हवी होती, म्हणून भाऊंनी खोलीला कुलूप लावलं होतं. खाली भजन, येणारी जाणारी माणसं, रडणं, चहाचे कप, आणि वर मी दोन दिवस एकटी. मागच्या खुर्चीत कुणी नाही हे पाठीला कळत होतं. एकेका चौकटीला मला वाटायचं, आता त्या म्हणतील, पुढची ओळ घे. कुणी म्हणालं नाही. खोलीत फक्त घड्याळ होतं आणि मी बोटावर मोजत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊ वर आले, चिखलाचे पाय दारातच ठेवून उभे राहिले. मी मोजणी वहीत उतरवली होती. "मोजणार" असा एक रकाना आहे, त्यात बाई नेहमी आपलंच नाव लिहायच्या, मोजणी माझी असली तरी. म्हणायच्या, कागद साहेबाकडे गेल्यावर आठवीवालीला कोन मानते. मी तो रकाना मोकळा ठेवून बसले होते. भाऊंना म्हटलं, मला त्यांच्या जागी नाव लिहिता येत नाही, माझ्यामुळे त्यांचं नाव गेलं. आणि ती बाटलीची गोष्ट त्यांना सांगायला लागले. भाऊंनी हात वर केला.

"मले माहीत हाये. दीदीनं तवाच सांगतलं होतं."

 इतकी वर्षं भाऊ मला रंजनाताई म्हणत होते, माझ्या मुलासाठी बांधावरच्या बोरांची पिशवी देत होते, आणि त्यांना माहीत होतं.

"मग तुम्ही मला काहीच कसं बोलला नाहीत?"

"काय बोलाचं? दीदी म्हने, ते पोरगी स्वतःच येऊन सांगते, तिले काय सांगाचं." मग जरा थांबून म्हणाले, "पन आता दीदी नाई. तिचं नाव तिकडे तसंच राहीन काय? लिवून टाका न. तुमाले लिवता येते." मी म्हटलं, भाऊ, बाबांना काय वाटेल, धक्क्यावर काय म्हणतील, मला फार भीती वाटते. ते म्हणाले, "भेव त वाटनच. मी येतो संगं."

म्हणून हे लिहिलं. ज्या अंकात हे छापून येईल तो मी बाबांना पाठवणार आहे आणि धक्क्यावरच्या त्या माणसालाही. बाटली सुशीलाबाईंनी धुतली नव्हती. बाटली मी धुतली. त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. खाडीवरच्या माणसांशी खोटं त्या एकदाच बोलल्या, ते माझ्यासाठी. "मोजणार" या रकान्यात मी त्या दिवशी माझं नाव लिहिलं, रंजना, शिक्षण आठवी, आणि महिन्याची बाटली आता माझ्या नावाने येते. वर जाते, कापड काढते, आणि वाकायच्या आधी चष्मा काढून डाव्या हाताला खिडकीच्या कडेवर ठेवल्यासारखं करते. चष्मा मला लागतच नाही. बाई आपला चष्मा ठेवायच्या तिथे मी रिकामा हात टेकते, एवढंच, आणि मग नळीत बघते.

त्या दिवशी जाताना भाऊंनी विचारलं होतं, पाहू काय मी बी? एवढी वर्षं बाटल्या आणल्या, कधी आत पाहिलं नाही, दीदीच्या कामात कायले हात घालाचा म्हणून. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे त धान निसवल्यावानी दिसते वं. समुद्र असा असते?" मी म्हटलं, भाऊ, तुम्ही समुद्र पाहिला नाही? ते म्हणाले, "कवा पाहाचा? दीदी होती तिकडे तर शेती मी पाहत होतो."

भाऊ, आता धान निसवलं आहे, लोंबी बाहेर आली आहे. कापणी, मळणी होऊ द्या. तुम्ही माझ्यासंगं धक्क्यावर उभं राहायला येणार म्हणालात, पण मी तुम्हाला त्याच्या पुढे नेणार आहे. बाबांच्या होडीत बसवीन, अमावस्येच्या भरतीला, बाई पाणी काढायच्या त्या जागेपर्यंत. बाटली तुम्ही तुमच्या हाताने भरायची. चिठ्ठीवर "पाणी घेणार" म्हणून नाव तुमचं लिहीन. कधी जमेल ते आज सांगता येत नाही, सुट्टी, तिकीट, मुलाची शाळा, सगळंच आहे... पण मी तुम्हाला नेईन.